सातवी-आठवीचं गणित : गुण आणि निदान

(मंचाच्या सभेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शनिवारची दुपार, बाहेर चक्क ऊन, आणि विषय गणिताच्या परीक्षांचा! तरी एवढी मंडळी आलात, याचं कारण माझं भाषण नसून आपल्यापुढे असलेला ठराव आहे, याची मला कल्पना आहे.

ठराव सगळ्यांना माहीत आहेच, तरी एकदा सांगते. महाराष्ट्रातल्या काही ग्रामीण शाळांना गणिताच्या जादा वर्गांसाठी आपण दरवर्षी मदत पाठवतो. पुढच्या वर्षापासून ही मदत आठवीच्या निकालाशी जोडावी, म्हणजे गणितात साठ टक्क्यांच्या वर किती मुलं गेली ते पाहून पुढचा हप्ता सोडावा, असं सुचवलं गेलं आहे. त्यामागचा हेतू चांगला आहे. पैसे देणाऱ्याला आपल्या पैशाचं काय झालं हे विचारण्याचा हक्क आहे. आपण सगळेच टार्गेट आणि रिव्ह्यू यांच्या जगात काम करणारी माणसं आहोत.

मी इंग्लंडमधल्या सरकारी माध्यमिक शाळांत १९९९ ते २०२२ अशी तेवीस वर्षं गणित शिकवलं. त्या अनुभवावरून आणि या विषयावर जे संशोधन झालंय त्यावरून मला एकच गोष्ट मांडायची आहे. अकरा ते चौदा या वयात मूल्यमापनाचं पहिलं काम म्हणजे मूल कसा विचार करतंय हे शिक्षकाला कळणं. त्याच आकड्यावर बक्षीस, शिक्षा किंवा अनुदान लटकवलं, की ते काम तो आकडा करू शकत नाही.

आधी हेच वय का, ते सांगते. चौथीपर्यंतचं गणित बरंचसं मोजणं आणि मिळवणं यांवर चालतं. सहावी ते आठवीत तीन मोठी वळणं येतात. पूर्ण संख्यांकडून अपूर्णांक, दशांश आणि ऋण संख्यांकडे. बेरजेच्या विचाराकडून गुणोत्तराच्या विचाराकडे. आणि आकड्यांकडून अक्षरांकडे, म्हणजे बीजगणिताकडे. या वळणांवर जे मूल मागे राहतं ते पुढे पाठांतरावर काही काळ तग धरतं, आणि मग 'मला गणित जमत नाही' असं स्वतःबद्दल ठरवून टाकतं. आपल्यातल्या कितीतरी हुशार माणसांनी तेराव्या वर्षीच हे ठरवून टाकलेलं असतं.

आता एक कोडं. लंडनच्या चेल्सी कॉलेजमधल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या हजारो मुलांच्या गणिती समजुतीचा अभ्यास केला. कॅथलीन हार्ट यांनी १९८१ साली तो पुस्तकरूपात आणला. त्यात एक प्रश्न होता. तो मी आपल्या भाषेत सांगते. छोटेरावांची उंची काड्यांनी मोजली तर ४ काड्या भरते, कागदाच्या पिनांनी मोजली तर ६ पिना. मोठेरावांची उंची ६ काड्या आहे. तर ती किती पिना भरेल?

उत्तर ९. पण खूप मुलं ८ म्हणतात. का? 'छोटेरावांच्या वेळी चाराचे सहा झाले, म्हणजे दोन वाढले. मग सहाचे आठ होणार.' हे उत्तर काही ठोकून दिलेलं नाही. त्यामागे विचार आहे, सुसंगत आहे, फक्त तो बेरजेचा विचार आहे. या मुलाला उत्तरपत्रिकेत शून्य मिळेल. ज्यानं प्रश्न वाचलाच नाही त्यालाही शून्यच मिळेल. पण या दोघांना उद्या वर्गात काय शिकवायचं, ते अगदी वेगळं आहे. शून्य हा आकडा ते सांगत नाही.

आणि बरोबर उत्तरही सगळं सांगत नाही. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत त्रैराशिक घोकलं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही ते आहे, म्हणजे परंपरा मोठी आहे! एकास तीन, तर पाचास किती. गुणा आणि भागा. रीत पाठ असली की गुण मिळतात. पण कुठं ही रीत लावायची आणि कुठं लावायची नाही, हे कळलं तर गुणोत्तर कळलं. एक सदरा उन्हात वाळायला दोन तास लागतात, तर पाच सदरे वाळायला किती? या प्रश्नाला ठामपणे 'दहा तास' म्हणणारी मुलं कुठल्याही शिक्षकाला भेटतात. त्यांचं त्रैराशिक बिनचूक असतं.

हा धोका किती खोल आहे हे दाखवणारं एक प्रकरण गणितशिक्षणात प्रसिद्ध आहे. १९७३ साली अमेरिकेत स्टॅन्ली एर्लवँगर यांनी 'बेनी' नावानं एका सहावीतल्या मुलाची हकिगत लिहिली. बेनी ज्या पद्धतीनं शिकत होता ती कागदावर आदर्श होती. सगळ्या गणिताची लहान लहान उद्दिष्टं पाडलेली. प्रत्येक उद्दिष्टाची स्वतंत्र चाचणी. ८० टक्के मिळाले की पुढचं उद्दिष्ट. बेनी त्या शिडीवर भराभर चढत होता. शिक्षिकेच्या मते तो चांगल्या विद्यार्थ्यांपैकी एक होता.

एर्लवँगर त्याच्याजवळ बसून बोलले, तेव्हा निराळंच चित्र दिसलं. दोन-दशांश म्हणजे २/१० हा अपूर्णांक दशांशात कसा लिहायचा? बेनीचं उत्तर १.२. पाच-दशांश? १.५. त्याची रीत अशी, की अंश आणि छेद यांची बेरीज करायची आणि मध्ये टिंब द्यायचं. त्यामुळे ४/११ म्हणजे १.५ आणि ११/४ म्हणजेही १.५. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. ०.३ अधिक ०.४ त्याच्या लेखी ०.०७ होते. गणित म्हणजे कुणीतरी केव्हातरी करून ठेवलेले नियम, आणि आपलं काम म्हणजे उत्तरसूचीत काय लपलंय ते शोधणं, अशी त्याची समजूत झाली होती. उत्तरसूचीशी जुळलं की बरोबर, नाही जुळलं की दुसरं काहीतरी करून बघायचं.

लक्षात घ्या, इथं उद्दिष्टं नव्हती असं नाही, भरपूर होती. चाचण्याही भरपूर होत्या. पण बेनीशी बोलणारं कुणी नव्हतं. उद्दिष्टांचे इतके बारीक तुकडे झाले होते, की प्रत्येक तुकडा पास होत होता आणि गणित मात्र त्यांच्या फटींतून गळून जात होतं.

आता मी जिथं नोकरी केली त्या इंग्लंडकडे येते. १९८८ च्या कायद्यानं इथं राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. त्याबरोबर दहा पातळ्यांची, म्हणजे लेव्हल्सची, शिडी आली. ही कल्पना ज्या समितीची, तिचे अध्यक्ष होते पॉल ब्लॅक. मूल कुठं आहे आणि पुढची पायरी कोणती हे शिक्षकाला कळावं, असा त्यांचा मुख्य हेतू होता. पण लवकरच शाळांच्या निकालांचे तक्ते वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले, आणि लेव्हल ही शाळेची अब्रू झाली. मी लागले तोवर एकेका लेव्हलचे ए, बी, सी असे तुकडे शाळाशाळांनी पाडलेले होते. पेरेंट्स इव्हनिंगला येणारे आईवडील (आणि सांगायला हरकत नाही, त्यात आपले देशबांधव आघाडीवर) पहिला प्रश्न विचारत, 'फाइव्ह बी आहे, मग फाइव्ह ए कधी?' मुलगी अपूर्णांकांचा भागाकार का करू शकत नाही, हे मी सांगायला लागले की त्यांचं लक्ष घड्याळाकडे जाई.

चौदाव्या वर्षीच्या राष्ट्रीय चाचण्या २००८ साली बंद झाल्या. त्या वर्षी पेपर तपासणीचा मोठाच गोंधळ झाला होता. लेव्हल्सही २०१४ साली अधिकृतपणे गेल्या. पण या साऱ्या काळात मुलांची समज वाढली होती का? याचं उत्तर मिळण्याची एक दुर्मीळ सोय झाली. चेल्सी कॉलेजच्या त्याच जुन्या चाचण्या, छोटेराव-मोठेरावांच्या काळातल्या, २००८-०९ मध्ये जेरेमी हॉजन, मार्गारेट ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा मुलांना दिल्या. मधल्या तीस वर्षांत राष्ट्रीय परीक्षांचे निकाल चांगलेच वर गेले होते. बीजगणित, दशांश आणि गुणोत्तर यांची समज मात्र एकंदरीत होती तिथंच होती. गुणोत्तरात तर थोडी घसरणच दिसली. आकडा चढला आणि तो ज्याचं माप म्हणून आणला होता ते जागच्या जागी राहिलं. आपल्या ठरावाच्या दृष्टीनं हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग काय करायचं? परीक्षाच नकोत? असं मी म्हणत नाही.

१९९८ साली त्याच पॉल ब्लॅक यांनी डिलन विल्यम यांच्याबरोबर सुमारे २५० अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा, की शिकवता शिकवता केलेलं मूल्यमापन, ज्याचा उपयोग करून शिक्षक पुढचं शिकवणं बदलतो, त्यानं मुलांचं शिकणं सुधारतं, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा विशेष फायदा होतो. यातला 'शिकवणं बदलतो' हा भाग कळीचा आहे. नोंद केली पण दुसऱ्या दिवशीचा तास तोच राहिला, तर ते मूल्यमापन झालं नाही, हिशेबवही झाली.

वर्गात हे कसं दिसतं, त्याचं एक उदाहरण देते. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना दशांश शिकवताना मी पहिल्याच तासाला दोन प्रश्न विचारत असे. ०.७५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती? ०.४ आणि ०.२५ यांत मोठी कोणती? मुलं छोट्या पाट्यांवर उत्तर लिहून एकदम वर धरत. दोन्ही बरोबर असणारी मुलं असतातच. पण काहींचं पहिलं बरोबर आणि दुसरं चूक. ही मुलं ७५ आणि ५, २५ आणि ४ अशी तुलना करताहेत; जास्त अंक म्हणजे मोठी संख्या. काहींचं बरोबर उलटं, पहिलं चूक आणि दुसरं बरोबर. यांनी 'दशांशात जेवढे अंक जास्त तेवढी संख्या लहान' असा स्वतःचा नियम केलाय. दोघांनाही दोनपैकी एक गुण. दोघांची अडचण वेगळी. मी फक्त पहिला प्रश्न विचारला असता, तर पहिला गट मला हुशार वाटला असता. पाच मिनिटांत मला कळतं, की आज संख्यारेषा काढून एक-दशांशाचे आणखी दहा भाग दाखवायला हवेत, आणि बेरजेची उदाहरणं उद्यावर गेली तरी चालतील. असा प्रश्न तयार करणं हे कौशल्य आहे. ते शिक्षकाला शिकावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

गुणांबद्दल आणखी एक. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काम गणिताचं नव्हतं, पण निष्कर्ष आपल्या उपयोगाचा आहे. एका गटाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त कामाबद्दल शेरा, तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा झाली ती फक्त शेरेवाल्यांची. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं गुणवाल्यांपेक्षा पुढे गेली नाहीत. गुण दिसला की मूल शेजारच्याचा गुण बघतं आणि वही मिटतं. आपणही लहानपणी हेच करत होतो.

आता महाराष्ट्र. हे सगळं विलायती आहे, आपल्याकडे कुठून येणार, असं कुणी म्हणेल. गंमत अशी, की आपल्याकडे ते कायद्यानं आलेलं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू २०१० पासून. त्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. महाराष्ट्रात त्याचे दोन भाग झाले, आकारिक आणि संकलित. आकारिक म्हणजे वर सांगितलेलंच : तोंडी काम, निरीक्षण, कृती, स्वाध्याय, आणि त्यावरून शिकवण्यात बदल. कल्पना उत्तम होती. पण एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं, हातात आठ-नऊ साधनांच्या नोंदींचे तक्ते, आणि तपासायला येणारे साहेब तक्ते भरलेत का तेवढंच पाहणार. मग तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या शिक्षकांमध्ये फिरू लागल्या. 'गणितातील सूत्रे सांगतो', 'उदाहरणे नीटनेटकी सोडवतो'. इंग्लंडमध्येही याच सुमारास अशाच रकान्यांच्या तक्त्यांनी शिक्षक बेजार झाले होते. दोन देश, एकच दुखणं. विश्वासाच्या जागी पुरावा मागितला, की शिक्षक पुरावा तयार करायला लागतो.

२०१७ साली एनसीईआरटीनं इयत्तावार अध्ययन निष्पत्ती ठरवून दिल्या. दैनंदिन जीवनातली अपूर्णांक-दशांशांच्या बेरीज-वजाबाकीची उदाहरणं सोडवता येणं, ही सहावीची एक निष्पत्ती. त्या वाचनीय आहेत, आणि 'अमुक पाठ संपवला' यापेक्षा 'मुलाला अमुक करता येतं' ही भाषा नक्कीच पुढची आहे. अडचण अशी, की आठवीची निष्पत्ती आठवीच्या मुलासाठी लिहिलेली असते, आणि वर्गात बसलेलं मूल गणितात बरेचदा चौथीत असतं. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी सुमारे ४६ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. गेल्या दहा वर्षांत हा आकडा फारसा हललेला नाही. उरलेली मुलं त्याच वर्गात घातांक आणि बैजिक राशींचे अवयव फळ्यावरून उतरवून घेताहेत.

यावर सरकारी उपाय काय? २०१९ साली कायदा बदलून पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रानं २०२३ साली ती स्वीकारली. वार्षिक परीक्षा, त्यात राहिलं तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. 'ढकलगाडी' थांबली म्हणून अनेकांना बरं वाटलं. पण ज्या मुलाला भागाकार येत नाही हे चौथीतच कुणी पाहिलं नाही, त्याला आठवीत पुन्हा बसवून पुन्हा घातांकच शिकवले, तर काय साधलं? पास की नापास हा वाद आपण पंधरा वर्षं घालतो आहोत. मुलाचं नेमकं काय अडलंय, हा प्रश्न दोन्ही बाजूंकडून राहून जातो.

आपल्यात डॉक्टर बरेच आहेत. त्यांना विचारते, थर्मामीटरचा आकडा पाहून इस्पितळाला अनुदान द्यायचं ठरलं, तर काय होईल? ताप असलेला रुग्ण दाखल करून घेणं बंद होईल. शाळेतही हेच होतं. निकालावर पैसे आले, की कच्च्या मुलाला परीक्षेच्या दिवशी घरी राहायला सुचवलं जातं, साठच्या आसपासच्या मुलांवर सगळा जोर लागतो, आणि ज्याला भागाकार येत नाही त्याचा नाद सोडला जातो. ज्या मुलांसाठी आपण पैसे पाठवतो, नेमकी तीच हिशेबातून बाहेर जातात.

दुसरी बाजूही मांडते, कारण ती खरी आहे. शिक्षकाच्या मतावर सगळं सोडलं, तर शिक्षकाचे पूर्वग्रहही आत येतात. भारतात झालेल्या एका प्रयोगात तेच पेपर वेगवेगळ्या जातींच्या नावांनी तपासायला दिले, तेव्हा 'खालच्या' मानलेल्या जातींच्या मुलांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. आपल्या चळवळीतल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. नाव झाकलेला लेखी पेपर हे दुबळ्याचं संरक्षण असतं. म्हणून दहावीची बाहेरची परीक्षा राहावी, असंच मी म्हणेन. तिथं दाखला मिळतो, पुढची वाट ठरते. सहावी ते आठवीत मात्र परीक्षेचा पहिला मालक शिक्षक असावा, आणि दुसरं ते मूल.

तर ठरावाऐवजी माझी सूचना अशी. मदत निकालाशी जोडू नये, कामाशी जोडावी. शाळांना आपण वर्षातून दोनदा तीन प्रश्न विचारावेत. जूनमध्ये प्रत्येक मुलाला जवळ बसवून तोंडी पाहिलं, तेव्हा काय आढळलं? त्यावरून शिकवण्यात काय बदललं? दिवाळीनंतर पुन्हा पाहिलं, तेव्हा काय दिसलं? उत्तर वाईट आलं म्हणून पैसे थांबणार नाहीत, हे आधीच लिहून द्यावं. नाहीतर खरं उत्तर येणार नाही. पाहण्यासाठी 'असर'ची चाचणी मोफत उपलब्ध आहे, एका मुलाला काही मिनिटं लागतात. 'प्रथम' संस्थेनं मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार गटांत बसवून रोज थोडा वेळ शिकवण्याचे प्रयोग अनेक राज्यांत केले, आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृतींनी त्यांची शास्त्रशुद्ध तपासणी केली. ते काम मुख्यतः तिसरी ते पाचवीचं आहे, पण आठवीत भागाकारावर अडलेल्या मुलाला तेच लागणार आहे.

आणि पैसे कशाला द्यावेत? शिक्षकांच्या वेळेला. महिन्यातून एकदा केंद्रातल्या गणित शिक्षकांनी वह्या घेऊन एकत्र बसावं, चुकीची उत्तरं समोर ठेवावीत, आणि 'या मुलानं असं का केलं असेल?' एवढंच बोलावं. त्यासाठी प्रवासखर्च, चहा-नाश्ता आणि एखादा जाणकार मार्गदर्शक लागतो. बक्षीस समारंभापेक्षा हे स्वस्त पडतं. त्याचे फोटो मात्र चांगले येत नाहीत, हे मान्य!

शेवटी आपल्या इथल्या घरांबद्दल दोन वाक्यं. आपली मुलं इलेव्हन प्लसच्या आणि पुढे जीसीएसईच्या शिकवण्यांना जातात, त्यांना गुण मिळतातही. पण घरी आल्यावर 'किती मिळाले?' याच्याआधी 'कुठलं चुकलं, आणि तुला तिथं काय वाटलं होतं?' असं विचारून पाहा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मुलं पहिल्यांदा संशयानं बघतील, पण दोन-तीन आठवड्यांनी बोलायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

ठरावावर मतदान पुढच्या बैठकीत आहे. माझ्या सूचनेतल्या तीन प्रश्नांचा मसुदा कार्यकारिणीकडे दिलेला आहे. शाळांकडे पाठवण्याआधी तिथल्या शिक्षकांनाही तो दाखवावा, एवढी विनंती आहे. आता चर्चेला वेळ ठेवते. विरोधी मतं आधी ऐकायला आवडतील.